निमखेड्याच्या पारावर रशियन

निमखेडे, ता. चोपडा, जि. जळगाव
२ फेब्रुवारी २०२५

हीरालालभाऊ,

जय जिनेंद्र. तुम्ही मला ओळखत नाही, आणि मी तुम्हाला ओळखते ती एका कापडी पिशवीवरून. तुमची विधी माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिचे कपडे त्या पिशवीत होते. पिशवीवर 'श्रेयांस वस्त्र भांडार, आग्रा रोड, धुळे' असं छापलेलं आहे. पत्ता तिथूनच उचलला. विधीला या पत्राची गंधवार्ता नाही.

फोनच करणार होते. पण तिचं नाव काढलं की तुम्ही फोन ठेवता असं समजलं. पत्राचं तसं नसतं. पत्र फाडता येतं, पण फाडायच्या आधी माणूस कुणाचं आहे ते बघतो आणि बघता बघता चार ओळी वाचतो. माझी सगळी भिस्त त्या चार ओळींवर आहे.

मी प्रमिला पाटील. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. गाव मला अजून 'बाई' म्हणतं आणि अजून थोडं घाबरतं. माझ्या घराची वरची खोली मी विधीला भाड्याने दिली आहे. जळगावची एक कंपनी आमच्या भागातली केळी रशियाला पाठवते, तिच्यासाठी ती काम करते. घड कापले, धुतले, खोक्यात भरले की तिकडची खरेदीदारीण ते मोबाइलवर बघते आणि नाना शंका काढते. दांडा काळा का, फणी वाकडी का, माल कालचा की आजचा. तिला विधी रशियनमधून उत्तरं देते. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला मोबाइलची रेंज म्हणजे लहरी पाहुणी, ती फक्त ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर धड बसते. म्हणून ही पोर पारावर, सगळ्या गावासमोर उभी राहून बोलते. समोर खोकी, हातात फोन.

ती भाषा तिला कुठे मिळाली ते मी तुम्हाला काय सांगू! तुम्ही तिला डॉक्टर व्हायला पाठवलंत आणि ती तिसऱ्या वर्षात परत आली. एकदा मटार सोलता सोलता तिने मला सगळं सांगितलं. दोनदा नापास झाली, आणि तिसऱ्यांदा अभ्यासाला बसण्याऐवजी तिथल्या भाजीबाजारात जाऊन बायकांशी गप्पा मारत बसली. "बाई, तिथे मला कळलं की मला काय येतं," असं म्हणाली. घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, या घरात त्या देशाचा एक शब्द ऐकायचा नाही. दुकानात मात्र तुम्ही गिऱ्हाइकांना अजून सांगता की मुलगी तिकडेच आहे, शेवटचं वर्ष चालू आहे. भाऊ, ती तिकडे नाही. तुमच्यापासून एसटीने अर्ध्या दिवसावर आहे.

आता मुद्दा. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावाने ठराव केला, की पारावर आणि ग्रामपंचायतीच्या जागेत कुणीही परदेशी भाषा बोलू नये, बोलल्यास दंड. सकाळी शाळेच्या पोरांकडून घटनेची उद्देशिका म्हणून घेतली, विचार आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य वगैरे, खणखणीत आवाजात. दुपारी हा ठराव. गावातल्याच एका पुढाऱ्याने मांडला. नाव सांगून काय उपयोग, तुम्ही ओळखणार नाही.

दुसऱ्या दिवशी विधी पारावर बोलत असताना ग्रामपंचायतीचा शिपाई जीवराम नोटीस घेऊन आला. बिचारा तिच्यासमोर नोटीस धरून उभा राहिला, आणि ती बोलायची थांबत नाही तोवर त्याला काही सुचेना. शेवटी ती थांबली, आणि तेव्हापासून थांबलेलीच आहे. रेंज शोधत टेकडीवर जाते, तिथून फोन मध्येच तुटतो. खरेदीदारीण म्हणते, माल दिसत नसेल तर मार्चअखेर दुसरीकडून घेईन. तसं झालं तर विधीचं काम संपलं. मग ती तुमच्या घरी येईल आणि तोंड मिटून बसेल. इथे गावाने गप्प केलं, तिथे बापाने.

माझं मागणं मोठं नाही. तिला एक फोन करा. 'बोल' एवढंच म्हणा. बाकीचं ती बघून घेईल.

प्रमिला पाटील


निमखेडे
१३ फेब्रुवारी

हीरालालभाऊ,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. 'कृपया पुन्हा पत्र पाठवू नये.' अक्षर वळणदार आहे. शाळेत असता तर शुद्धलेखनाला पूर्ण गुण दिले असते. पण मी जन्मभर पोरांना सांगत आले की उत्तर एका वाक्यात लिहू नका, त्यामुळे हे उत्तर मी धरत नाही.

विधीने गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज केला आहे, की मी भारताची नागरिक आहे आणि सार्वजनिक जागेत मी कोणत्या भाषेत बोलावं हे ग्रामपंचायत ठरवू शकत नाही. अर्ज तिने स्वतः लिहिला, मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघितलं. घटनेचं एकोणिसावं कलम कुठे घालायचं ते मी सांगितलं, एवढा मान माझा.

पण गावाची बाजूही तुमच्या कानावर घालते, नाहीतर म्हणाल बाई एकतर्फी आहे. मागे एका व्यापाऱ्याने या शेतकऱ्यांना चांगलंच फसवलं होतं. गोड बोलून माल उचलला आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यात जानेवारीत एका दिवशी विधी पारावर फोनवर बोलत होती, आणि बोलता बोलता तिने सगळ्यांकडे पाठ केली, ओढणी तोंडाशी धरली, आवाज बारीक केला. नेमका त्याच दिवशी भाव उतरला. झालं. "पाठ फिरवी आनी भाव पडना," हे वाक्य गावभर झालं. ती रशियन बोलते याचं कुणाला काही नव्हतं, पोरं तर तिची नक्कल करत हिंडायची. पाठ फिरवली, ते लागलं.

मी तिला विचारलं, पाठ का फिरवलीस गं? तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. जरा विचार करून म्हणाली, "बाई, भावाचं बोलायचं असलं की पप्पा असंच उभे राहतात."

भाऊ, ही खोड तुमच्या दुकानातली आहे. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना भावाचं बोलायचं तर गल्ल्याकडे तोंड करायचं, हात ओठांशी न्यायचा आणि मारवाडीत बोलायचं. मी स्वतः बघितलं आहे. माझ्या लग्नाचा बस्ता धुळ्यालाच घेतला. कुठल्या दुकानात ते आठवत नाही, तुमच्याही असेल. दुकानदार मुलाकडे वळून मारवाडीत काहीतरी म्हणाला आणि मला वाटलं, माझ्या साडीला नाही, मलाच हसतात. अंगाचा तिळपापड झाला. पण मी काही ठराव केला नाही. उठले आणि शेजारच्या दुकानात गेले. तो माझा हक्क. मारवाडी बोलायचा हक्क त्यांचा. दोन्ही हक्क आपापल्या जागी सुखाने नांदले.

आमच्या त्या पुढारी गृहस्थांना ही साधी गोष्ट पटत नाही. ते म्हणतात, आमच्या मालाबद्दल आमच्यासमोर बोलायचं ते आम्हाला कळलं पाहिजे. त्यांचं दुखणं खरं आहे. औषध खोटं आहे.

विधी काल जेवताना म्हणाली, "पप्पांना कळलं तर म्हणतील, बरं झालं." तुम्ही असं म्हणाल का हो? मला नाही वाटत. पण मी तुम्हाला फक्त पिशवीवरून ओळखते.

प्रमिला पाटील


निमखेडे
२७ फेब्रुवारी

हीरालालभाऊ,

आज मराठी भाषा गौरव दिन. शाळेने मला भाषणाला बोलावलं होतं. मी पोरांना सांगितलं, मराठीवर माझं पोट चाललं, मराठीवर माझा जीव आहे, आणि म्हणूनच सांगते, जिला राखायला दुसरीचं तोंड दाबावं लागतं अशी ही भाषा नाही. मागे बसलेल्या पंचमंडळींनी टाळ्या वाजवल्या. कुणासाठी बोलले ते त्यांना घरी गेल्यावर कळलं असेल.

बातमी अशी, की वरून पत्र आलं. ठराव बेकायदेशीर, तो अमलात आणू नये. कुणी कुठली भाषा बोलायची यावर बंदी घालायचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. जीवरामनेच नोटीस फलकावरून काढली आणि घडी करून स्वतःच्या खिशात घातली, जणू त्याचीच चूक होती. विधीने माझ्या पाया पडायचा घाट घातला, मी म्हटलं, पाया पडायचंच तर घटनेच्या पड, पण तिला पाय नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती पारावर गेली, फोन लावला, पहिलं वाक्य बोलली. आणि पार रिकामा झाला. कुणी ओरडलं नाही, कुणी अडवलं नाही. एक एक जण उठला, धोतर झटकलं, चालता झाला. सायंकाळी शेतकऱ्यांच्या गटाने ठरवलं की या कंपनीला माल द्यायचा नाही. हे मात्र बेकायदेशीर नाही हो. माल त्यांचा, मर्जी त्यांची. ती कायद्याने जिंकली आणि रिकाम्या पारावर एकटी उभी राहिली. घरी येऊन म्हणाली, "बाई, मी बोलू शकते, पण कशाबद्दल बोलू? केळीच नाहीत."

आता एक गोष्ट सांगायची राहिली आहे. दोन पत्रांत मी तुम्हाला 'पुढारी', 'गृहस्थ' असं लिहीत आले. ते गृहस्थ माझ्या पोटचे आहेत. समाधान, माझा एकुलता मुलगा, शेतकरी गटाचा अध्यक्ष. नागरिकशास्त्र माझ्याच हाताखाली शिकला, पैकीच्या पैकी गुण मिळवले. ठराव त्याने मांडला, माझ्याच घरात जेवून उठून मांडला. २६ जानेवारीपासून मी त्याच्याशी बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही. सून दीपमाला मधल्या मध्ये निरोप पोचवून दमली आहे. "आई म्हणतात भाकरी घ्या," "हे म्हणतात नको."

तुम्हाला हे आधी का नाही सांगितलं? लाज वाटली. दुसऱ्याच्या बापाला शहाणपण शिकवताना आपला पोरगा आड येतो. आणि काल ताट वाढताना ध्यानात आलं, तुमच्यात आणि माझ्यात फार फरक नाही. तुम्ही मुलीशी बोलत नाही, मी मुलाशी बोलत नाही. भाषा दोघांकडेही भरपूर आहेत.

म्हणून आज सकाळी मी त्याच्याशी बोलले. म्हटलं, "भाजीत मीठ कमी आहे का?" तो म्हणाला, "बरोबर आहे." सुरुवात तर झाली. आता तुमची पाळी.

प्रमिला पाटील


निमखेडे
१० मार्च

हीरालालभाऊ,

आज मी एक गुन्हा केला. कुणातरी आपल्या माणसाला सांगावा असा आहे आणि तुम्ही उत्तर देत नाही, त्यामुळे तुम्हीच बरे.

सकाळी पार भरलेला होता. बैलांचे दलाल धनसिंग आप्पा समाधानची जोडी बघायला आले होते. तुम्ही व्यापारी, तुम्हाला सांगायला नको, पण बैलाचा सौदा तोंडाने होत नाही. दोघं समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाबलं, त्यावर आकडा. तोंडाने मात्र पावसापाण्याच्या गप्पा. सगळा पार बघत असतो आणि कुणालाही काही कळत नाही. आमच्याकडे आजेपणजे असाच सौदा करत आले, त्याला कुणी चोरी म्हणत नाही.

विधी पाराच्या दुसऱ्या टोकाला फोन घेऊन बसली होती. तिकडच्या बाईला 'या आठवड्यात माल नाही' हे सांगायला आली होती. तिने पहिला शब्द उच्चारला तसा समाधान रुमालाखालून हात न काढता म्हणाला, "आते हाई आखो चालू व्हयनं."

'पुन्हा चालू' म्हणे! माझं डोकं सटकलं. मी गेले आणि रुमाल उचलला.

भाऊ, चालू सौद्यातला रुमाल उचलणं म्हणजे काय ते तुम्हाला कळेल. समाधानने आप्पांची दोन बोटं मुठीत धरलेली, आप्पांचा अंगठा त्याच्या मनगटावर, आणि दोघं उघड्यावर, जणू फुगडी घालायला निघालेत. आप्पा ओरडले, "बाई, काय करं हाई! सौदा मोडी टाका मना!"

मी म्हटलं, "आप्पा, माफ करा. पण पारावर सगळ्यांना न कळणारं बोलायचं नाही, असं अध्यक्षांचं म्हणणं आहे. ही कुठली भाषा चालली होती?"

समाधानचे कान लाल. "आई, हाई आमनं आपसमानं शे."

"तिचंही आपसातलंच आहे. तुझा रुमाल कापडाचा, तिचा रशियन. एवढंच."

पहिले हसले ते आप्पाच, मग सगळा पार. समाधानला हसू येत नव्हतं, पण राग टिकवणंही जमेना.

मला वाटलं, जिंकले. तर विधी उठून म्हणाली, "बाई, थांबा. ते म्हणतात त्यात एक गोष्ट खरी आहे." आणि पाराच्या मध्यभागी येऊन उभी राहिली. भाषणं करायची सवय नाही पोरीला, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. म्हणाली, "रुमालाखाली जे दोघं बोलतात, सौदा त्या दोघांचाच असतो. मी बोलते तेव्हा माल तुमचा असतो आणि तुम्ही रुमालाच्या बाहेर असता. त्यात मी पाठ फिरवली. ती खोड आमच्या दुकानातली आहे, ती मी सोडते. भाषा सोडणार नाही. इथेच बोलणार, तोंड तुमच्याकडे करून. आणि तिकडची काय म्हणाली, मी काय म्हणाले, ते दर दोन वाक्यांनी तुम्हाला सांगणार. पण ठराव केला म्हणून नाही. ठराव नसता तरी बोलायचा हक्क मला होता, आणि न सांगायचाही. सांगते ते माझ्या मर्जीने."

मग धनसिंग आप्पांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि समाधानला म्हणाले, "पोर खरी शे. तुना बैल पन खरा शे का ते सांग आते, रुमाल नको, तोंडघाई."

समाधानने विधीकडे न बघता सांगितलं, "उद्या एका वावरातला माल देऊ. बघू."

'बघू' म्हणाला, भाऊ. माझ्या मुलाच्या तोंडचं 'बघू' म्हणजे अर्धं हो. बापावर गेलाय.

प्रमिला पाटील


निमखेडे
२४ मार्च

हीरालालभाऊ,

तुमचं दुसरं पोस्टकार्ड आलं! पुन्हा एकच ओळ, पण या वेळी शेवटी प्रश्नचिन्ह. 'तिला ती भाषा खरोखर येते, की नुसतं दाखवते?'

मी हे कार्ड बराच वेळ हातात धरून बसले. तुम्हाला खरंच माहीत नाही! तुम्ही तिला त्या भाषेत बोलताना कधी ऐकलंच नाही. पहिल्या दिवशीच बंद केलंत, मग कळणार कसं?

मला रशियन येत नाही, पण सांगते काय दिसतं ते. ती फोन पाराच्या कठड्यावर वडाला टेकवून ठेवते, आवाज मोठा करते आणि शेतकऱ्यांकडे तोंड करून बसते. तिकडच्या बाईचं नाव गालिना. गाव तिला गालिनाबाई म्हणतं. गालिनाबाई तिखट आहे, माझ्याच वळणाची. पण विधी काहीतरी म्हणते आणि ती खो खो हसते. भाऊ, परक्या भाषेत भाव कुणीही सांगेल. समोरच्याला हसवणं ज्याला येतं त्याला भाषा येते. तुमच्या दुकानात अहिराणी बोलून तुम्ही खेड्यातल्या बायाबापड्यांना हसवत असालच, तेव्हा हे तुम्ही मान्य कराल.

आमचे अध्यक्ष तेवढ्यावर भुलणारे नाहीत. त्याने मोबाइलमध्ये भाषांतर करणारं काहीतरी उतरवून घेतलं आणि पहिले काही दिवस ते तिच्या शेजारी धरून बसायचा, उघड उघड. मला शरमेने मान वर करवेना. विधी मात्र म्हणाली, "धरा ना दादा, मलाही मदत होईल." यंत्राने एकदा सांगितलं, 'तुमच्या केळ्यांची मान थकली आहे.' विधी म्हणाली, "देठ मऊ पडलेत म्हणते ती." समाधानने घड हातात घेऊन बघितला. देठ मऊच होते. त्यानंतर त्याने यंत्र खिशात घातलं ते घातलंच.

भाव एकदा उतरला, तेव्हाही तिने तोंड फिरवलं नाही. का उतरला ते सांगितलं, शेतकरी जे म्हणाले ते तिकडे सांगितलं, आणि बरीच घासाघीस होऊन थोडा वर आला. पारावर म्हातारी माणसं हल्ली मुद्दाम त्या वेळेला येऊन बसतात. टीव्हीपेक्षा बरं म्हणतात. मार्चअखेर जाणार होती ती गालिनाबाई आता पुढच्या हंगामाचं विचारते आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. परीक्षा घ्यायची तर परीक्षकाने हजर राहावं. धुळ्याहून सोनगीर, नरडाणा, शिरपूर करत एसटी चोपड्याला येते, तिथून आमच्या गावची सकाळची गाडी आहे. शिरपूरला काहीतरी काम काढा. व्यापाऱ्याला शिरपूरला काम नाही असं कधी झालंय का? तिला मी सांगणार नाही.

प्रमिला पाटील


निमखेडे
७ एप्रिल

प्रिय चंदनताई,

विधीच्या आईचा पहिलाच फोन आणि मी हसत सुटले, म्हणून राग मानू नका. 'शिरपूरला काम आहे म्हणून गेले, रात्री आले, पिशवीभर केळी घेऊन आले आणि काय झालं ते सांगत नाहीत, नुसते हिशेब करता करता थांबतात आणि खिडकीबाहेर बघतात,' असं तुम्ही म्हणालात. ते सांगणार नाहीतच. एका ओळीचे गृहस्थ आहेत ते. म्हणून मी सांगते, सविस्तर.

शनिवारी सकाळी पार भरलेला होता. विधी नेहमीसारखी वडाला फोन टेकवून बसली होती. चोपड्याच्या गाडीतून एक उंच, काळी टोपी घातलेले गृहस्थ उतरले आणि पाराच्या कडेला, म्हाताऱ्यांच्या मागे जाऊन बसले. कुणी लक्ष दिलं नाही. मी दिलं, कारण मांडीवर पिशवी होती. श्रेयांस वस्त्र भांडार, आग्रा रोड.

ओळखलं मी, ताई. पण विधीला खूणसुद्धा केली नाही.

विधी गालिनाबाईशी बोलत होती, मधूनमधून आम्हाला सांगत होती. आणि तोंड सगळ्यांकडे होतं ना, त्यामुळे ते तिला दिसलेच. वाक्य अर्ध्यावर तुटलं. तोंड उघडं, शब्द नाही. तिकडून गालिनाबाई "अल्लो? अल्लो?" करते आहे, आणि आपली पोर दगड झालेली. तिला वाटलं असणार, आता थांबायला हवं. घरातला नियम पायात आला.

आणि पार काय म्हणाला माहीत आहे? ज्यांनी हात वर करून ठराव केला होता तेच सगळे. "बोल ना, माय, बोल." "कसाले थांबनी?" "ती वाट देखी राहिनी ना!" धनसिंग आप्पाही होते, ते म्हणाले, "बोल बेटा, घाबरू नको."

तेवढ्यात तुमचे यजमान उठले. निघाले की पुढे आले, मला अजून सांगता येत नाही. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि समाधान, माझा समाधान, त्यांच्याकडे वळून हात खाली करत म्हणाला, "नाना, जराखा चूप बठा ना. आमनी पोर बोली राहिनी."

हीरालालभाऊ उभे राहिले तसेच राहिले. मग अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मनी शे ती, भाऊ. मनी पोर शे."

ताई, मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत. इतकं लहान आणि इतकं पुरं एकही नव्हतं. समाधान ताडकन उठला, जागा दिली, पाणी आणायला पळाला आणि तांब्या विसरून परत आला. आणि भाऊ त्या मोकळ्या जागेवर, सगळ्यांत पुढे, बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. विधीकडे बघून फक्त मान हलवली, दुकानात गिऱ्हाइकाला 'हां, सांगा' म्हणून हलवतात तशी.

मग ती बोलली. पहिल्यांदा आवाज फाटला, मग लागला. देठांचं बोलली, खोक्यांचं बोलली, आमच्याशी बोलली, पुन्हा तिकडे बोलली. गालिनाबाई दोनदा हसली. मी कोण ते कुणी सांगितलं नव्हतं, तरी भाऊंनी दोन्ही वेळा माझ्याकडेच बघितलं. मी आपली वडाकडे बघत राहिले.

सौद्याचं बोलणं संपलं. मग गालिनाबाईने काहीतरी विचारलं, मध्येच का थांबलीस असंच विचारलं असणार. आणि विधीने उत्तर दिलं. लांबलचक. फोनकडे बघत नव्हती, वडिलांकडे बघत होती. त्या भाषेतला एक शब्द मला कळत नाही, पण माझ्या डोळ्यांना पाणी आलं, आणि तिकडे गालिनाबाईचाही आवाज बदलला.

बोलणं थांबलं. सवयीने सगळा पार वाट बघत राहिला, आता सांगेल म्हणून. एकाने विचारलंच, "काय म्हनी तू?"

विधीने फोन उचलला, छातीशी धरला आणि म्हणाली, "हे नाही सांगणार."

मी समाधानकडे बघितलं. त्याने विचारणाऱ्याच्या पाठीवर थाप मारली. "राहू दे रे. सगळं आमलेच समजाले पाहिजे का?"

नंतर बापलेक माझ्या ओट्यावर बसून जेवले. मारवाडीत बोलत होते, हळू आवाजात, आणि मी दोनदा भाजी वाढायला गेले तरी थांबले नाहीत. मला ते फार आवडलं. महावीर जयंतीला ती धुळ्याला येते आहे, दोन दिवसांसाठी. सकाळच्या वेळी तिचा फोन असतो, तेव्हा दुकानात जरा जागा करून ठेवा. गल्ल्यापाशी नको, पुढे, गिऱ्हाइकांसमोर.

आता तुम्ही विचाराल, ती त्या बाईला काय म्हणाली. ताई, मी विचारलं नाही. भाऊंनीही विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.

तुमची,
प्रमिला